चार ठिपक्यांची बाई

जेल रोडच्या खोलीत तेव्हा टीव्ही चौदा इंची,
आणि त्याला जोडलेलं करडं यंत्र,
देवळालीच्या खेमचंदकडून सुयोगदादानं आणलेलं:
रात्रीचे चाळीस रुपये, मेमरी कार्डाचे वेगळे दहा.
ते दहा आमच्याकडे कधीच नसायचे.
म्हणून मेलो की पहिल्यापासून.
पुन्हा तेच फाटक, पुन्हा तोच ओसाड दवाखाना.

तो चालवायचा. मी नकाशा धरायचे,
गणिताच्या वहीतल्या चौकटींवर काढलेला.
लाल पेनानं कुलपं, हिरव्यानं औषधं,
कडेला गोळ्यांचा हिशेब:
नऊ होत्या. तीन दारात गेल्या. तीन कुत्र्याला.
"पळ," मी म्हणायचे. पण पळणार कसा?
आमचा माणूस वळायचा
द्वारकेच्या चौकात अडकलेल्या ट्रकसारखा,
आधी थांबून, मग जागच्या जागी,
आणि कॅमेरा तर कुणीतरी छताला ठोकून निघून गेलेला.
आपली आपल्यालाच पाठ दिसायची,
समोरून येणाऱ्याची फक्त पावलं.

दार उघडायला सात सेकंद.
सगळं काळं, मध्ये नुसतं दार,
मूठ फिरते, बिजागरी कुरकुरते.
ते घाबरवायला नव्हतं, दादा आता सांगतो,
यंत्र पुढची खोली गोळा करत असायचं.
त्याला दम लागलेला,
आम्ही आमचा रोखून धरलेला.

साडेबारा-एकला खरं दार वाजायचं.
नोट प्रेसची दुसरी पाळी संपवून पप्पा.
टीव्ही बंद, चादर डोक्यावरून.
पाळीभर नोटा मोजून आलेला माणूस
अंधारात आमची डोकी मोजायचा.
एक, दोन.

आणि तिसऱ्या मजल्यावरची ती बाई.
पॅसेजच्या टोकाला, खिडकीत, धुक्याच्या आत,
चार ठिपके पांढरे, एक करडा.
तिनं कधी काही केलं नाही.
आम्हीही कधी तिच्याकडे पाठ केली नाही.

या दिवाळीला दादा आला पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटवर.
तोच खेळ, पंचवीस वर्षांनी नव्यानं बांधलेला.
"काय केलंय राव!" म्हणाला, आणि खरंच केलंय.
फरशीवरच्या पाण्यात दिवा हलतो.
नर्सच्या बाहीला रफू आहे.
दारं धक्का दिला की उघडतात.
मेलो तर दोन पावलं मागून सुरू,
खेळ आपला आपण सगळं लक्षात ठेवतो,
नकाशासुद्धा तोच काढतो.
मी शेवटी चकल्यांचा डबा धरून बसले.

खोटं कशाला बोलू, घाबरले मी. कुत्र्यापाशी.
पूर्वी ते दात असलेलं तपकिरी खोकं होतं.
आता गळ्यात पट्टा,
पट्ट्यावर कुणीतरी खिळ्यानं कोरलेलं नाव.
"थांब," मी म्हणाले.
दादा थांबला. कुत्रं नाही थांबलं.

मग तिसरा मजला. पॅसेज तोच.
कॅमेरा आता खांद्यामागे, वळवू तिकडे वळणारा.
दोघंही पुढं सरकून बसलो
आणि पहिल्यांदाच खिडकीपर्यंत चालत गेलो.

पडदा होता.
जाळीचा, खालून जळालेला, वाऱ्यानं हलणारा,
धागा न् धागा दिसत होता.
ज्यांनी विणला त्यांनी मन लावून विणलाय.
जुन्या ठिपक्यांकडे निरखून बघितलं असेल
आणि ठरवलं असेल: पडदा.
त्यांना कुणी सांगितलंच नाही.

"इथंच होती ना?"
दादानं कॅमेरा डावीकडे फिरवला, उजवीकडे, छताकडे.

आतल्या खोलीत पप्पा खोकले.
आता कुठली पाळी नाही, तरी साडेबारा-एकला उठतात,
भिंतीला हात लावत येतात.
दार सरकलं,
आणि चाळिशीतल्या माझ्या भावानं
रिमोट उचलून आवाज शून्यावर आणला.

उंबऱ्यात उभं राहून त्यांनी बोट हलवलं.
एक, दोन.
मग जरा थांबून,
टीव्हीकडे बघत,
तीन.